लुटारू माशीचें नामकरण



माशी हा शब्द कानीं पडतांच ताटावर झांकण ठेवण्याकडे आपला हात जातो. परंतु आज जिच्याविषयीं बोलावयाचें आहे, त्या माशीला आपल्या ताटाचें मुळींच आकर्षण नाहीं. ती शिकारीवर जगते. शास्त्रज्ञ तिच्या कुळास ‘ॲसिलिडी’ म्हणतात. आपण तिला लुटारू माशी म्हणूं या. उन्हांत, वाळक्या काडीच्या टोंकावर ती दबा धरून बसते. समोरून मधमाशी किंवा दुसरी माशी गेली, कीं झेप घालून तिला हवेंतच पकडते आणि आपली कठीण सोंड तिच्या अंगांत खुपसते. सोंडेंतून उतरणाऱ्या विषारी लाळेनें सावज लुळें पडतें, त्याचा आंतील भाग विरघळतो, आणि तो रस ती शोषून घेते. तडफडणाऱ्या सावजापासून तोंडाचें रक्षण करावयास तिला राठ केसांची चांगली झुबकेदार मिशी असते!

या कुळांतील ७,५०० हून अधिक जातींचें वर्णन आजवर झालें आहे, आणि अजूनही नव्या जातींची भर पडतच आहे. पण ‘नवी जात सांपडली’ म्हणजे काय? अरण्यांत ती जात पूर्वींपासून होतीच. कित्येकदां तर ती संग्रहालयाच्या पेटींत टांचणीला टोंचलेली अनेक वर्षें पडून असते. मग एखादा अभ्यासक तिच्या शृंगिका, पंखांवरील शिरा, पायांवरील केस आणि नराच्या उदराच्या टोंकाची रचना ज्ञात जातींशीं ताडून पाहतो. भेद निश्चित झाला, कीं एक नमुना आदर्श म्हणून निवडतो, वर्णन छापतो आणि नांव देतो. पुढें शंका आल्यास निवाडा त्या एका नमुन्यावरून होतो.

एवढा खटाटोप कशासाठीं? लिनियसनें १७५८ सालीं ‘ॲसिलस क्रॅब्रोनिफॉर्मिस’ या गांधीलमाशीसारख्या दिसणाऱ्या लुटारू माशीस नांव दिलें. इंग्लंडांतील कुरणांत, गुरांच्या शेणाच्या आश्रयानें ती राहते. पुढें ती तेथें विरळ होऊं लागली, हें ध्यानांत आलें आणि तिच्या रक्षणाचा विचारही झाला. कारण तिला नांव होतें. उलट, २०१४ सालीं डिकाउ व ग्रिमाल्डी या शास्त्रज्ञांनीं ब्रह्मदेशांतील अंबरांत अडकलेल्या एका लुटारू माशीस ‘बर्मापोगॉन’ म्हटलें. तें अंबर सुमारें १० कोटि वर्षांपूर्वींचें! नामकरण झालें तेव्हां माशी केव्हांच लोपलेली होती.

तिच्या लोपाशीं मनुष्याचा संबंध नव्हता. आज अरण्यें आपल्या हातून तुटत आहेत. नामशेष म्हणजे ज्याचें केवळ नांव उरलें तें. परंतु ज्यांना नांवच मिळालें नाहीं, अशा जाती गेल्या तर त्या नामशेषही होत नाहींत. म्हणून भिंगाखालीं माशीचे केस मोजणाऱ्या माणसास कोणी रिकामटेकडा म्हणूं नये.