लेखणी मोलाने मिळते, साक्ष नाही

(सहकारी मंडळ्यांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गडचिरोली आणि चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यातील आपल्या कामावर एक पुस्तिका काढायची आणि ती लिहिण्यासाठी बाहेरचा लेखक मानधन देऊन नेमायचा, असे कार्यकारिणीने ठरवले आहे. त्यावर काही जणांनी मला प्रेमानेच विचारले, "आपल्या मंडळीत लिहिणारे आहेत की! दानाचा पैसा यावर कशाला?" प्रश्न रास्त आहे. दान देणाऱ्याला तो विचारण्याचा हक्कच आहे. म्हणून आज त्याविषयीच बोलते.

सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा, ही रीत पवित्र शास्त्रात आहे. यिर्मया संदेष्ट्याने तोंडाने सांगितले आणि बारूखाने ते पटावर लिहिले. यहोयाकीम राजाने तो पट चाकूने कापून शेगडीत जाळला, तेव्हा बारूखाने सगळे पुन्हा लिहून काढले. रोमकरांस पत्र पौलाचे; पण ते लिहून घेणारा तर्तिय सोळाव्या अध्यायात स्वतःच्या नावाने सलाम सांगतो. पौलाने त्याचे नाव झाकले नाही. आपल्या भागातलेच पाहा. हेमलकशाची हकीगत सांगणारे डॉ. प्रकाश आमटे यांचे 'प्रकाशवाटा' आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. त्याचे शब्दांकन सीमा भानू यांचे आहे. यात कमीपणा कोणालाच नाही. कोण सांगतो आणि कोण लिहितो, हे मात्र उघड असावे.

आता पैशाचे. मोशेच्या नियमशास्त्रात गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी देण्याची आज्ञा आहे. शिष्यांना पाठवताना प्रभूनेही कामकऱ्याचा मजुरीवरचा हक्क मान्य केला. तेंदूपत्ता तोडणाऱ्या कुटुंबाला वेळेवर आणि पूर्ण पैसे मिळावेत, असे आपण गावोगाव म्हणतो. मग लिहिणाऱ्याला "सेवा समजा" असे कोणत्या तोंडाने सांगायचे? शिवाय फुकट काम करणाऱ्याकडे आपण तारीख मागू शकत नाही, आणि चुकले तर दुरुस्तीही संकोचूनच मागतो.

म्हणून काम सुरू होण्याआधी लेखी करार होईल. किती शब्द, किती गावभेटी, पहिला खर्डा कधी, दुरुस्त्या किती वेळा, हे त्यात असेल. प्रवास आणि मुक्कामाचा खर्च मानधनातून कापला जाणार नाही. मानधन तीन हप्त्यांत मिळेल, आणि काम मध्येच थांबले तर झालेल्या कामाचे पैसे दिले जातील. आणखी एक गोष्ट अनेक संस्थांच्या लक्षात येत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत नसलेल्या लेखकाने लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक तो लेखकच असतो. नुसते मानधन दिल्याने हक्क आपल्याकडे येत नाहीत. त्यासाठी सहीनिशी लेखी हस्तांतर लागते. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांची धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर हक्क भारतापुरताच मिळतो. पुढे भाषांतर करायचे किंवा परदेशातील मंडळ्यांना पुस्तिका पाठवायची, तर हे आधीच लिहून ठेवलेले बरे. लेखकाचे नाव पुस्तिकेवर राहीलच.

निवडताना आम्ही केवळ सुंदर भाषा पाहणार नाही. ज्याला ऐकता येते, असा माणूस हवा. एटापल्ली, भामरागडकडची वडील माणसे माडियात मन मोकळे करतात. मराठी त्यांच्या नातवंडांच्या शाळेची भाषा. तेव्हा दुभाषी लागेल, त्यालाही मजुरी आणि पुस्तिकेत नाव मिळेल. बायकांशी बोलायला बाईच असावी. दुभाषी आपल्या संस्थेचा नसावा, असाही माझा आग्रह आहे. आपल्याच कार्यकर्त्यासमोर आपल्या कामातली उणीव कोण सांगेल? वेळही गावाच्या सोयीने ठरेल. मार्च-एप्रिलमध्ये माणसे पहाटेपासून मोहफुले वेचतात, मे महिन्यात तेंदूपत्ता असतो, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट बंद होते. धानाची मळणी उरकल्यावरचे हिवाळ्याचे दिवस त्यातल्या त्यात बरे.

हे सारे नीट केले तरी एक धोका उरतो, आणि तो लेखकाकडून नाही, आपल्याकडून आहे. "ते अंधारात होते, आपण गेलो आणि उजेड पडला," अशी गोष्ट आपल्याला आवडते. अशा गोष्टीला देणगीही लवकर मिळते. पण धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा आठवा. सगळ्यांचे एकमत झाल्याशिवाय निर्णय न घेणारे हे गाव. त्याने २००९ मध्ये आपल्या जंगलावरचा सामूहिक वनहक्क मिळवला. मिलिंद बोकील यांनी या गावावर पुस्तक लिहिले, त्याचे नाव 'गोष्ट मेंढा गावाची'. शीर्षकातच गाव आहे. आपल्या पुस्तिकेतही गाव पुढे आणि संस्था मागे असली पाहिजे.

सिकलसेलने आजारी असलेल्या मुलीची किंवा बाळ गमावलेल्या आईची हकीगत ही त्यांची आहे. आपण औषध दिले म्हणून ती आपली होत नाही. औषध हातात घेताना दिलेला होकार हा मोकळ्या मनाचा होकार नसतो. म्हणून परवानगी वेगळ्या दिवशी, त्यांच्या घरी मागायची. खर्डा त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचा. "हे काढा" म्हटले तर काढायचे; त्यामुळे लेखकाचे मानधन कमी होणार नाही. आणि किती देणगी आली, यावर ते मानधन ठरणारही नाही. तसे ठरले तर प्रत्येक पानावर दुःख वाढत जाईल. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा आपल्याला पाठ आहे. देणगीसाठी शेजाऱ्याला आहे त्यापेक्षा दीन दाखवणे हीसुद्धा खोटी साक्षच आहे.

लेखणी मोलाने घेता येते. साक्ष मात्र ज्याने भोगले आणि पाहिले त्याचीच असते.

तेव्हा आपल्याकडे माझे एकच मागणे आहे. पुस्तिका हातात येईल तेव्हा तिच्यात फसलेल्या कामांचाही उल्लेख असेल. गावाने आपल्याला ऐकवलेले कडू बोलही असतील. ते वाचून हात आखडू नका. आपण खरे वाचायला तयार असलो, तरच लेखकाला खरे लिहिण्याचे धैर्य होईल. त्या लेखकासाठी, दुभाष्यासाठी आणि आपली हकीगत विश्वासाने सांगणाऱ्या गावकऱ्यांसाठी घरोघरच्या प्रार्थनेत आठवण ठेवा.

प्रभू आपल्या जिभेला आणि लेखणीला सत्याची राखण देवो. आमेन.