माळ्यावरचं रामपंचायतन

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेलं भाषण)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण जुन्या घरांतून इथे राहायला आलो. भांडीकुंडी आली, पाट आले. माजघरातली रामायण-महाभारताची मोठाली चित्रं मात्र बहुतेकांच्या माळ्यावर गेली. त्यांच्याबद्दल चार शब्द बोलतो.

विष्णुशास्त्री चिपळूणकर रत्नागिरीच्या हायस्कुलात मास्तर होते, हे आपण अभिमानाने सांगतो. १८७८ साली पुण्यात चित्रशाळा काढण्यात त्यांचा हात होता, हे फारसं सांगत नाही. रामपंचायतनाचं रंगीत चित्र त्या छापखान्यातून घरोघर गेलं. पुढे १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांनी मुंबईत छापखाना घातला. नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. रावणाशी झुंजणारा जटायू, विश्वामित्र-मेनका, शकुंतलेचा जन्म, असे पुराणात ऐकलेले प्रसंग खिळ्याला टांगता येऊ लागले.

ही छपाई दगडावरची. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने चित्र उलटं काढायचं, मग दगड ओला करायचा. छपाईची शाई तेलकट रेघेलाच धरते, ओल्या जागेला नाही. प्रत्येक रंगाला दगड निराळा. कागद जरा सरकला की सीतेच्या ओठाचा रंग हनुवटीवर!

मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. आपलं पतितपावन मंदिर १९३१ साली सर्व हिंदूंना खुलं झालं. तोवर कित्येकांना गाभारा सोडाच, देवळाची पायरीही वर्ज्य होती. छापलेला राम मात्र घेणाऱ्याची जात विचारत नव्हता. जाणकार या चित्रांना भडक म्हणतात, नाटकी म्हणतात. थोडं खरंही आहे. पण जमेची ही रक्कम मी तरी खोडणार नाही.

सध्या डागडुजीसाठी माळे रिकामे होताहेत. परवा कचऱ्याच्या डब्याशेजारी एक फ्रेम दिसली. काच फुटलेली, आत जटायू, आणि कुणा आजीने सीतेच्या पदरावर जरीच्या टिकल्या शिवलेल्या. तेव्हा फेकण्याआधी चित्राखालची बारीक ओळ वाचा. बँकेत जन्म सह्या तपासण्यात गेला, त्यामुळे मला ती खोडच आहे. छापखान्याचं नाव बहुधा तिथेच असतं. मागची फळी काढून वाळवी बघा. ओल्या फडक्याने पुसू नका, कडक उन्हात ठेवू नका. आपल्याकडच्या पावसात बाहेरची भिंत ओल धरते, म्हणून आतल्या भिंतीवर लावा. ज्यांना घरात नकोच असेल, त्यांनी ऑफिसात आणून द्यावं. चिटणीसांनी सभागृहाची एक भिंत द्यायचं कबूल केलंय. खिळे मी आणतो.