आवाज न करता

श्रोतेहो, रेडिओवर बोलणारा माणूस दहा सेकंद गप्प बसला, तर ऐकणारा लगेच खुंटी पिरगळून बघतो. मग पडद्यावर जवळजवळ अर्धा तास कुणी एक शब्द बोलत नाही, मागे संगीत नाही, तरी प्रेक्षक जागचा हलत नाही, हे कसं जमलं असेल? 1955 च्या 'रिफिफी' या फ्रेंच कृष्णधवल चित्रपटात ते जमलं आहे.

पॅरिसमध्ये रात्री चौघे जण जवाहिऱ्याच्या दुकानावरच्या घरात शिरतात. खालची घंटा जरा धक्का बसला तरी वाजणारी. म्हणून जमिनीला हलक्या हाताने भोक पाडायचं, त्यातून मिटलेली छत्री खाली सोडून तिथेच उघडायची. गिलाव्याच्या खपल्या अलगद छत्रीत! मग घंटेत आग विझवायच्या नळकांड्यातला फेस भरायचा. ऐकू येतात ते फक्त श्वास आणि हत्यारांची किरकिर. संगीतकार जॉर्ज ऑरिकने या प्रसंगासाठी संगीत लिहिलं होतं. दिग्दर्शक ज्यूल्स डॅसिनने त्याला तो प्रसंग संगीतासह आणि संगीताशिवाय असा दोन्ही तऱ्हांनी दाखवला. संगीत नकोच, हे ऑरिकनेही मान्य केलं. स्वतःची ओळ खोडताना काय होतं ते मला ठाऊक आहे. या माणसाला माझा सलाम.

पुढे या चोरीच्या किती आवृत्त्या निघाल्या! इटलीत मोनिचेल्लीने 1958 मध्ये तिची थट्टा केली, मेलव्हिलने 1970 मध्ये 'ल सर्कल रूज'मध्ये तसाच मुका दरोडा घातला. 1996 च्या 'मिशन इम्पॉसिबल'मधला दोरीला लटकणारा नायकही याच घराण्यातला. पण बहुतेकांनी युक्ती उचलली. चोरीनंतरचा भाग तिथेच राहिला.

डॅसिन मूळचा अमेरिकन. 1951 मध्ये एडवर्ड डिमिट्रिक या दिग्दर्शकाने सरकारी चौकशी समितीपुढे कम्युनिस्ट म्हणून त्याचं नाव घेतलं. हॉलिवूडची दारं बंद झाली. फ्रान्समध्ये मिळालेलं एक कामही अमेरिकन दबावामुळे ऐन वेळी गेलं. अशा ओढगस्तीत ऑग्युस्त ल ब्रेतोंची ही कादंबरी हाती आली. ती त्याला मुळीच आवडली नव्हती. तिच्यातली छोटीशी चोरी त्याने एवढी मोठी केली आणि कान महोत्सवात दिग्दर्शनाचं पारितोषिक विभागून मिळवलं.

पैसे बेताचे, ठरलेला नट आला नाही, म्हणून तिजोरी फोडणाऱ्या सेझारचं काम डॅसिनने स्वतःच केलं, पर्लो व्हीटा या टोपणनावाने. हा सेझार एका गायिकेला चोरीतली अंगठी देऊन बसतो, पकडला जातो आणि जिवाच्या भीतीने साथीदाराचं नाव सांगतो. तो साथीदार मारियो आणि त्याची बायको मात्र कुणाला दगा देत नाहीत. दोघंही मारली जातात. नाव घेतल्यामुळे देशोधडीला लागलेला माणूस इथे नाव घेणाऱ्याची भूमिका करतो आहे, आणि त्याला खलनायक करत नाही. सेझार खांबाला बांधलेला. समोर टोनी, टोळीचा म्होरक्या. टोनीला तो मनापासून आवडत असतो, तसं तो म्हणतोही. पण नियम दोघांना ठाऊक आहे. टोनी पिस्तूल उचलतो.