वतनावर सोडलेले पाणी



मध्ययुगीन स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात कुळांचे नायक असत. नायकाने हाक दिली की सारे कूळ तलवार घेऊन उठे. इंग्लंडचा राजा चालून आला म्हणजे तिथल्या सरदारांपुढे पेच पडे. बलिष्ठ राजाकडून आपली जमीन राखून घ्यावी, की रॉबर्ट ब्रूससारख्या आपल्यातल्याच पुरुषाच्या पाठीशी उभे राहावे? हा पेच आपल्या सह्याद्रीलाही अपरिचित नाही. म्हणून आज आम्ही कान्होजी जेधे यांची कथा सांगणार आहोत.

भोरकडचे कारी हे जेध्यांचे गाव आणि रोहिड खोऱ्याची देशमुखी हे त्यांचे वतन. देशमुख म्हणजे खोऱ्यातला लहानसा राजाच. सारा वसूल करावा, आपला हक्क घ्यावा, पदरी मावळे बाळगावेत. विजापूरचा दरबार दूर, देशमुख मात्र दाराशी! शेजारच्या देशमुखांशी सीमेवरून आणि मानावरून झगडे नित्याचेच. वतनासाठी भाऊ भावाचा जीव घेई, असा तो काळ होता.

कान्होजी शहाजीराजांच्या पदरी होते. 1648 साली जिंजीजवळ शहाजीराजे कैद झाले, तेव्हा कान्होजींनाही कैद भोगावी लागली. 1649 मध्ये सुटका झाल्यावर राजांनी त्यांना मावळात, शिवाजीमहाराजांकडे पाठविले. 1656 च्या जावळीच्या मोहिमेत ते महाराजांबरोबर होते. पुढल्याच वर्षी कल्याण आणि ही आपली भिवंडी स्वराज्यात आली. विजापूरच्या डोळ्यांत हे सारे सलत होते.

1659 च्या जून महिन्यात अली आदिलशहाचे फर्मान कान्होजींच्या हाती पडले. निजामशाही कोकणात शिवाजीने धुमाकूळ मांडला आहे, अशी त्यात तक्रार होती. आपला हा कल्याण-भिवंडीचा मुलूखही पूर्वी निजामशाहीचाच, हे श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. अफझलखानाच्या हुकुमात राहून शिवाजीचा व त्याच्या साथीदारांचा बीमोड करावा, म्हणजे सरफराजी होईल, असे बादशहाने लिहिले होते. उत्रवळीचे खंडोजी खोपडे तर खानाला जाऊन मिळालेही.

कान्होजींनी काय करावे? त्यांनी आपले पाच मुलगे बरोबर घेतले आणि फर्मानासह थेट महाराजांपुढे उभे राहिले. महाराजांनी त्यांना पुढचा धोका स्पष्ट सांगितला: खानाकडे न जाल तर वतन जाईल, जिवावरही बेतेल. कान्होजींनी हाती पाणी घेतले आणि वतनावर सोडले! ‘पाणी सोडणे’ हा शब्द आपण रोज सहज वापरतो, पण त्या दिवशी तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या मिळकतीचा संकल्प होता. महाराजांनी जेध्यांच्या बायकामुलांना सुरक्षिततेसाठी तळेगावास पाठविण्याची व्यवस्था केली. 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाखाली खान पडला आणि जावळीच्या रानात त्याच्या फौजेवर तुटून पडणाऱ्यांत जेध्यांचे मावळे होते.

या निर्णयाचे मोल पुष्कळदा आपल्या ध्यानात येत नाही. अफझलखान पडणार हे आज आपल्याला ठाऊक आहे. कान्होजींना ते ठाऊक नव्हते. तराजूच्या एका पारड्यात विजापूरची बादशाही होती आणि दुसऱ्या पारड्यात तिशीही न गाठलेला एक तरुण. वतन राखणे हाच ज्या समाजाचा धर्म होता, त्यातल्या एका वतनदाराने वतनापेक्षा दिलेला शब्द मोठा मानला.

तलवारीच्या पहिल्या पानाचा मान जेध्यांना मिळाला. पुढे 1660 मध्ये पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना खिंडीत बांदलांचे लोक बाजीप्रभूंसह लढून पडले. तेव्हा जेध्यांनी तो मान आपखुशीने बांदलांना सोडला, अशी परंपरा आहे.

या घराण्याने आणखी एक ठेवा राखला. लोकमान्य टिळकांनी 1916 साली प्रसिद्ध केलेली जेधे शकावली ती हीच. शिवजन्माची शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया ही तिथी तिच्यामुळेच प्रकाशात आली.

श्रोतेहो, वतने आता गेली, देशमुखीचे हक्कही गेले. परंतु घराचा लाभ एकीकडे आणि सर्वांचे हित दुसरीकडे, असा प्रसंग प्रत्येकाच्या दाराशी आजही येतोच. तेव्हा ओंजळीत पाणी घेण्याचे बळ आपल्या हातांना असावे, एवढे म्हणून आम्ही आपली रजा घेतो.