गोळ्या संपल्या, धाप उरली

क्षयरोगाच्या गोळ्या संपतात, पण अनेकांची धाप संपत नाही. थुंकीत जंतू सापडत नाहीत, म्हणून रुग्ण बरा ठरतो. ते खरंच आहे. पण जंतू मेले, तरी फुप्फुसावरचा व्रण राहतो. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घराचा जिना चढताना तो जाणवतो.

कुणी म्हणेल, बरा झालेल्यावर खर्च कशाला? कारण धाप लागणारा माणूस कष्टाच्या कामावर टिकत नाही. निक्षय पोषण योजनेचे दरमहा 1000 रुपये उपचारापुरतेच मिळतात. 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत फुप्फुसाचं अपंगत्व नाही. ही उणीव भरून निघायलाच हवी.

तोवर एवढं करा. गोळ्या संपल्या तरी धाप राहिली, तर नागपूरच्या मेयो किंवा मेडिकल रुग्णालयात श्वासाची तपासणी मागा. श्वसनाचे व्यायाम शिकवा, असं डॉक्टरांना सांगा. थुंकीत रक्त दिसलं, तर त्याच दिवशी जा.