नेव्हिलच्या गोलांचा हिशेब

(नांदेड येथील वासंतिक व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नांदेड हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आले. औरंगाबाद, परभणी, बीड आणि उस्मानाबाद हे जिल्हेही त्याच दिवशी आले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते. त्याचा स्वतंत्र जिल्हा व्हायला १९८२ साल उजाडले. नांदेड मुंबई राज्यात आल्यानंतर बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबर १९५६ ला, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये, तिथल्या ऑलिंपिक पार्क मैदानावर भारताचा फुटबॉल संघ यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध उतरला. संघाला घडवणारे सय्यद अब्दुल रहीम हैदराबादचे, म्हणजे मराठवाड्याने नुकत्याच सोडलेल्या राजधानीचे. आणि त्या दिवशी एकट्याने तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा मुंबईचा, म्हणजे मराठवाड्याला नुकत्याच मिळालेल्या राजधानीचा. आपल्या जुन्या घराने आणि नव्या घराने मिळून तो सामना जिंकून दिला, असे म्हटले तर चूक होणार नाही. मराठवाड्यातल्या श्रोत्यांपुढे नेव्हिलची गोष्ट सांगण्याचे हेच कारण आहे.

आज नांदेडच्या किंवा लातूरच्या एखाद्या फुटबॉलवेड्या मुलाला विचारले, तर ॲलन शिअररचे प्रीमियर लीगमधले गोल तो झोपेतही सांगेल: २६०. हॅरी केनने इंग्लंडसाठी ५४ वा गोल करून वेन रूनीचा विक्रम कधी मोडला, हेही त्याला ठाऊक असते; मार्च २०२३ मध्ये, नेपल्स शहरात, इटलीविरुद्ध. त्याच मुलाला नेव्हिल डिसूझाने आयुष्यात किती गोल केले असे विचारले, तर तो गप्प होईल. दोष त्या मुलाचा नाही. स्ट्रायकर हा मोजणीवर जगणारा खेळाडू असतो. बचावपटूचे काम डोळ्यांना दिसते पण आकड्यात मावत नाही. स्ट्रायकरचे तसे नाही. त्याच्या नावापुढचा आकडा पुसला की तो खेळाडूच अर्धा पुसला जातो.

हा आकडा जपायचा कसा, ते इंग्लंडकडून शिकावे. १९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलला. तोवर पुढे चेंडू मिळणाऱ्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिस्पर्धी संघाचे तीन गडी असावे लागत. नव्या नियमाने दोन पुरेसे झाले. बचावाची घडी विस्कटली आणि गोलांचा पाऊस सुरू झाला. १९२६-२७ च्या हंगामात मिडल्सब्रोच्या जॉर्ज कॅमसेलने दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये ५९ गोल केले. त्याच्या पुढच्याच हंगामात एव्हर्टनचा विल्यम राल्फ डीन, ज्याला सगळे ‘डिक्सी’ म्हणत, हा पहिल्या श्रेणीत त्या आकड्याच्या मागे लागला. दोन वर्षांपूर्वी मोटारसायकलच्या अपघातात याची कवटी फुटली होती, आणि हा पुन्हा खेळेल याची खात्री डॉक्टरांना नव्हती. हंगामाचे दोन सामने उरले तेव्हा विक्रमासाठी सात गोल हवे होते. बर्नलीविरुद्ध चार झाले. ५ मे १९२८ रोजी आर्सेनलविरुद्ध तीन हवे होते. दोन लवकर झाले, मग तिसरा काही केल्या होईना. सामना संपत आला असताना डावीकडून ॲलेक ट्रूपने कॉर्नर घेतला, गर्दीतून डीन उंच उठला आणि डोक्याने चेंडू जाळ्यात गेला. ३९ सामन्यांत ६० गोल. जवळजवळ शंभर वर्षे झाली, इंग्लंडच्या लीगमध्ये एका हंगामात इतके गोल कोणी केलेले नाहीत.

त्या काळचा चेंडू हातात घेऊन पाहिला तर या गोलांचे मोल जास्त कळते. कातड्याच्या पट्ट्या शिवून केलेला गोळा, आत रबरी ब्लॅडर, आणि हवा भरायच्या तोंडाशी बुटासारखी नाडी ओवलेली. कोरडा असताना वजन चारशे ग्रॅमच्या आसपास. पाऊस पडला, चिखल झाला की कातडे पाणी पिऊन जड व्हायचे. उडी मारताना चेंडू फिरत येतो आहे आणि नाडीची बाजू कपाळावर बसणार की सपाट बाजू, हे क्षणात ताडावे लागे. नाडी बसली की कातडी सोलवटून निघे. डीनने डोक्याने केलेले गोल या चेंडूवरचे होते, आणि नेव्हिलच्या पिढीनेही आपल्याकडे असाच कातडी चेंडू खेळवला.

एव्हर्टनकडून डीनचे लीगमधले गोल ३४९, सामने ३९९. इंग्लंडकडून १६ सामन्यांत १८. यातला एकही गोल अंदाजे नाही. कोणाविरुद्ध, कुठल्या तारखेला, सगळे नोंदलेले आहे. गुडिसन पार्क या मैदानाबाहेर २००१ साली त्याचा पुतळाही उभा राहिला.

आता नेव्हिल. जन्म ३ जुलै १९३२ चा, गोव्यातल्या बार्देश तालुक्यात आसगावचा. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता आणि १९६१ च्या डिसेंबरपर्यंत राहिला. म्हणजे भारताची जर्सी घालून नेव्हिल मेलबर्नला खेळला तेव्हा त्याचे जन्मगाव भारतात नव्हते. खेळाडू म्हणून मात्र तो मुंबईचा. मुंबईत गोव्याच्या माणसांचे बस्तान धोबी तलाव, माझगाव, डाबुल या भागांत. गावागावाच्या नावाने चाललेली ‘कूड’ म्हणजे त्यांची सामायिक निवासाची जागा: एका खोलीत रांगेने ठेवलेल्या ट्रंका, भिंतीवर येशू-मारियाची तसबीर, संध्याकाळी रोझरीची प्रार्थना. बोटीवर चढणारे खलाशी, बँडमधले वादक, हॉटेलातले आचारी इथेच टेकत. आणि फुटबॉल या वस्तीच्या अंगात होता. नेव्हिलचा भाऊ डेरेक हाही पुढे भारताकडून खेळला. एका घरातले दोन भाऊ देशाच्या आघाडीला, ही गोष्टही आपण फारशी सांगत नाही.

मुंबईचे फुटबॉल कूपरेज मैदानावर राहत होते. १८९१ साली सुरू झालेला रोव्हर्स कप तिथेच व्हायचा, आणि कलकत्त्याचे मोठे संघ त्यासाठी येत. पण १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हा कप एकाच संघाने नेला: हैदराबाद सिटी पोलीस. नेव्हिलच्या उमेदीची हीच वर्षे. त्या संघाचे गुरू रहीमसाहेब, पेशाने शाळामास्तर. त्यांची शिकवण्याची रीत न्यारी होती. फक्त कमजोर पायाने खेळायचे, अशा स्पर्धा ते हैदराबादेत भरवत. चेंडू पायात घोळवत पळायला बंदी, फक्त पास द्यायचा, अशाही स्पर्धा भरवत. मुलगा उजवा असेल तर डावा पाय तयार व्हायलाच हवा, आणि चेंडू आला की पुढे कुठे जाणार हे आधीच डोक्यात हवे. आज ज्याला एका स्पर्शाचा खेळ म्हणतात तो दख्खनच्या या मास्तरांनी सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी पोरांच्या अंगी बाणवला. संस्थानाच्या राजधानीत तयार झालेल्या या खेळाचे वारे मराठवाड्याच्या जिल्ह्यांत मात्र म्हणावे तसे पोहोचले नाही, ही खंत मनात राहतेच.

१९५४ साली मुंबईने राष्ट्रीय स्पर्धेचा संतोष करंडक पहिल्यांदा जिंकला. नेव्हिल त्या संघात होता. दोन वर्षांनी रहीमसाहेबांनी ऑलिंपिकचा संघ बांधला, त्यात हैदराबादचे अनेक जण होते, बंगालचे होते, आणि मुंबईचा हा सेंटर फॉरवर्ड होता.

त्या संघापुढे कसली ओझी होती, हेही सांगायला हवे. १९४८ ला लंडनमध्ये भारत फ्रान्सकडून २-१ ने हरला, दोन पेनल्टी वाया घालवून. १९५२ ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने १०-१ असा धुव्वा उडवला. आपले बरेच खेळाडू अनवाणी होते आणि मैदान थंड, निसरडे. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. मेलबर्नला जाताना म्हणूनच कोणी भारताकडून काही मागितले नव्हते. पहिल्या फेरीत गाठ हंगेरीशी पडली होती. पण त्या देशात उठाव झाला, रशियन रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले, आणि हंगेरीचा संघ आलाच नाही. भारत थेट उपांत्यपूर्व फेरीत गेला.

हंगेरी आला नाही, पण हंगेरीचा धडा रहीमसाहेबांनी घेतला होता. नोव्हेंबर १९५३ मध्ये वेम्बलीवर हंगेरीने इंग्लंडला ६-३ असे हरवले, ते नांदोर हिदेगकुटी या सेंटर फॉरवर्डला थोडा मागे ठेवून. त्याच्यावर नेमलेला इंग्लिश बचावपटू गोंधळला: पुढे जावे तर मागे मोकळी जागा, मागे राहावे तर हिदेगकुटी मोकळा. रहीमसाहेबांनीही आघाडीतला एक गडी मागे ओढून हीच कोंडी तयार केली. मागे पडलेल्या जोडीदाराच्या मागोमाग बचावपटू गेला, की जी जागा उघडी पडे, ती नेव्हिलची.

ऑस्ट्रेलियाविरुद्ध नवव्या मिनिटाला नेव्हिलचा पहिला गोल. सतराव्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोने बरोबरी केली. तेहतिसाव्या मिनिटाला नेव्हिलचा दुसरा, एक्केचाळिसाव्याला पुन्हा मॉरो. मध्यंतराला २-२. यजमान संघ, त्यांचेच मैदान, त्यांचेच प्रेक्षक, आणि दोनदा आघाडी घेऊन दोनदा गमावलेली. अशा वेळी अनेक संघ मनाने खचतात. पन्नासाव्या मिनिटाला नेव्हिलने तिसरा गोल केला. पुढे किट्टू म्हणजे कृष्णस्वामी यांनी चौथा घातला आणि भारत ४-२ ने जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा नेव्हिल हा पहिला आशियाई. मास्तरांनी जागा तयार केली आणि नेव्हिल त्या जागेत वेळेवर पोहोचला. तेही एकदा नाही, तीनदा. स्ट्रायकरची सगळी विद्या या ‘वेळेवर’ शब्दात आहे.

तीन दिवसांनी, ४ डिसेंबरला, उपांत्य सामना. समोर पुन्हा युगोस्लाव्हिया. चार वर्षांपूर्वी दहा गोल घालणारा संघ. पूर्वार्ध कोरा गेला. बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिलने गोल केला आणि भारत ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाच्या पुढे गेला. आघाडी काही मिनिटेच टिकली. पापेक, वेसेलिनोविच, पुन्हा पापेक, आणि शेवटी आपल्याच सलामचा स्वयंगोल, असा निकाल ४-१ लागला. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० ने हरवले आणि भारत चौथा आला. आशियाच्या कोणत्याही संघाने तोवर इतकी मजल मारली नव्हती. १९६८ ला जपानने कांस्य मिळवले, सात गोल करणाऱ्या कामामोतोच्या जोरावर, तेव्हा कुठे हा उच्चांक मोडला. मेलबर्नच्या स्पर्धेत सर्वाधिक गोल तिघांचे, प्रत्येकी चार: बल्गेरियाचा मिलानोव्ह, युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच आणि भारताचा डिसूझा. जगाच्या मैदानावर भारताचा स्ट्रायकर गोलांच्या यादीत सर्वांत वर होता, हे वाक्य शाळेच्या क्रीडा तासाला मोठ्याने वाचायला हवे.

१९५८ ला कॅल्टेक्स संघाने रोव्हर्स कप जिंकला, त्यातही नेव्हिल होता. त्यानंतर त्याच्याबद्दलचा मजकूर विरळ होत जातो. १९६१ ला अर्जुन पुरस्कार सुरू झाले. फुटबॉलचा पहिला पुरस्कार मेलबर्नमधला त्याचाच साथीदार पी. के. बॅनर्जी यांना मिळाला, आणि तो योग्यच होता. नेव्हिलचे नाव त्या यादीत कधीच आले नाही. रहीमसाहेबांच्या हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदके जिंकली. अलीकडे ‘मैदान’ या चित्रपटामुळे त्यांचे नाव पुन्हा घराघरांत आले. नेव्हिलच्या वाट्याला तेवढेही फार उशिरा आणि थोडे आले.

१ मार्च १९८० रोजी डिक्सी डीन गुडिसन पार्कवर एव्हर्टन आणि लिव्हरपूलचा सामना पाहत असताना गेला. सगळा देश हळहळला आणि वृत्तपत्रांनी त्याचे गोल पुन्हा मोजून छापले. त्याच महिन्यात, १७ मार्चला, नेव्हिल डिसूझा वारला. वय ४७. कूपरेजवरचे त्याचे गोल मोजून छापायला कोणाकडे पुरती वही नव्हती. मुंबईच्या लीगमध्ये, रोव्हर्समध्ये, संतोष करंडकात त्याने केलेले कितीतरी गोल ज्यांनी पाहिले त्यांच्याबरोबर निघून गेले.

नांदेडच्या गुरुगोविंदसिंगजी स्टेडियमवर, लातूरच्या क्रीडा संकुलात किंवा एखाद्या शाळेच्या मुरमाड पटांगणावर आजही मुलेमुली गोल करतात. बातमीत बहुतेक वेळा शाळेचे नाव आणि ‘२-० ने विजयी’ एवढेच येते. स्पर्धा भरवणाऱ्यांना आणि क्रीडाशिक्षकांना एक विनंती आहे. साधी दोनशेपानी वही घ्यावी आणि पाच रकाने आखावेत: तारीख, मैदान, सामना, गोल करणाऱ्याचे पूर्ण नाव, मिनिट. लिहिणाऱ्याला फुटबॉल यायलाच हवा असे नाही. हातात घड्याळ हवे आणि अक्षर वाचता यायला हवे. मेलबर्नच्या त्या दुपारी कोणीतरी हेच केले होते. म्हणून तर ‘डिसूझा’ या नावापुढे ९, ३३ आणि ५० हे आकडे आज नांदेडमध्ये वाचता येतात.