पाइक पाण्यात, झँडर पिशवीत

इंग्लंडच्या मध्यभागात, बर्मिंगहॅमच्या आसपास, कालव्यावरच्या एकाच पुलाखाली एकाच सकाळी तीन शिकारी मासे गळाला लागू शकतात. पहिला पाइक. तो पुन्हा पाण्यात सोडायचा, असा बहुतेक क्लबांचा दंडक. दुसरा पर्च. त्याचं काय करायचं ते त्या पाण्याचा हक्कदार ठरवतो. तिसरा झँडर. हा मात्र परत सोडणंच बेकायदा, खास परवाना असेल तरच मुभा. गळ तोच, दोर तोच, माणूसही तोच. श्रोतेहो, पकडलेला मासा घरी न्यावा की सोडून द्यावा यावर तिथे इतकी वर्षं का भांडणं होतात, ते या तिघांकडे पाहिलं की उमगायला लागतं.

हे कालवे आपल्या पाटबंधारे खात्याच्या कालव्यांसारखे नव्हेत. शेतीशी त्यांचा संबंध नाही. ड्यूक ऑफ ब्रिजवॉटर या उमरावाच्या वर्स्लीच्या खाणीतला कोळसा मँचेस्टरकडे नेण्यासाठी १७६१ साली एक कालवा सुरू झाला. जेम्स ब्रिंडली हा त्याचा इंजिनिअर. पुढच्या सत्तरएक वर्षांत देशभर अशा कालव्यांचं जाळं पसरलं. घोडा काठाने चालायचा आणि दोराने होडी ओढायचा. रेल्वे आली, ट्रक आले, माल गेला. घोड्याची वाट तेवढी राहिली. तिच्यावरून आता गळवाले हिंडतात. पाणी कमरेपासून छातीपर्यंत, गढूळ, जवळजवळ न वाहणारं. इंग्लंड-वेल्समधल्या सुमारे २००० मैलांच्या जलमार्गांचा कारभार २०१२पासून ‘कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट’ ही धर्मादाय संस्था पाहते.

पाइक हा आपल्या मरळीच्या स्वभावाचा, दबा धरून बसणारा. लांबट हिरवट अंग, पाठीवरचा पर थेट शेपटीजवळ, म्हणून जागच्या जागी बाणासारखी उसळी घेता येते. दात आत वळलेले. पर्चच्या अंगावर काळे पट्टे, पाठीवर काटेरी पर, आणि शिकार थव्याने. झँडरच्या डोळ्यात मागच्या बाजूला उजेड परतवणारा एक थर असतो, त्यामुळे अंधुक पाण्यातही त्याला दिसतं. होड्यांच्या पंख्यांनी तळाचा गाळ सतत ढवळला जातो, रोचसारख्या साध्या माशांना पुढचं नीट दिसत नाही, आणि झँडरचं फावतं.

तिघांसाठीही हल्ली बोटाएवढी रबरी मासोळी वापरतात, जड डोक्याच्या गळावर ओवलेली. ती पुलाच्या सावलीत किंवा बांधून ठेवलेल्या होडीच्या कडेला टाकायची, तळाला टेकू द्यायची, रीळ दोन-तीन वेळा फिरवायचं, पुन्हा टेकू द्यायची. झँडर ती बहुतेकदा खाली पडतानाच घेतो आणि हाताला जाणवते फक्त एक बारीकशी टिचकी. पाइकची शक्यता असेल तर गळाच्या आधी वीतभर तारेचा तुकडा हवाच. तार नसली की दातांनी दोर कापला जातो आणि तोंडात गळ घेऊन मासा निघून जातो. असा मासा घरी नेलेल्या माशांत मोजला जात नाही आणि सोडलेल्यांतही नाही. त्याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, पण न्याय-अन्यायाची चर्चा खरं तर तिथूनच सुरू व्हायला हवी.

सोडून देण्याची रीत इंग्लंडात जुनी वाटते, पण पाइकच्या बाबतीत ती बरीच अलीकडची. १८७८ साली शेफील्डचे खासदार मुंडेला यांच्या पुढाकाराने गोड्या पाण्यातल्या साध्या माशांना विणीच्या काळात संरक्षण देणारा कायदा झाला. १५ मार्च ते १५ जून मासेमारी बंद. नद्यांवर ती बंदी आजही आहे. बहुतेक कालव्यांवरून ती २००० साली उठली. पाइकला मात्र क्लबवाले चोर समजत. जाळी लावून त्याला काढायचे, काठावर टाकून द्यायचे, म्हणजे म्हणे रोच वाढतील. १९७१ साली रे वेब आणि बॅरी रिकर्ड्‌स यांचं मोठ्या पाइकच्या मासेमारीवरचं पुस्तक आलं. रिकर्ड्‌स हे केंब्रिजमधले भूवैज्ञानिक, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांचे अभ्यासक, आणि गळवाले म्हणूनही तितकेच नावाजलेले. पाइकची नाहक कत्तल थांबावी म्हणून त्यांनी लेखणी झिजवली. १९७७मध्ये पाइक अँगलर्स क्लब निघाला आणि हळूहळू हवा पालटली.

या कत्तलीचा हिशोब विंडरमियर सरोवरात लागला. तिथे १९४४पासून संशोधकांनी जाळ्यांनी मोठे पाइक काढायला सुरुवात केली. झालं काय, तर लहान पाइक वाढले. कारण छोट्या पाइकचा मोठा वैरी म्हणजे थोरला पाइकच. युद्धकाळात त्याच सरोवरातले पर्च पिंजऱ्यांनी पकडून, डबाबंद करून ‘पर्चीन्स’ या नावाने विकले गेले होते. म्हणजे गोड्या पाण्यातला मासा इंग्रज खातच नाही असं नाही. पोटाला चिमटा बसला तेव्हा त्याने खाल्ला, इतकंच.

२००४नंतर पोलंड आणि शेजारच्या देशांतून माणसं आली. नाताळच्या आदल्या रात्री कार्प ताटात हवा, पाइक पकडला तर तो शिजवायचा, यात त्यांना वावगं ते काय वाटणार? इंग्रज क्लबांना मात्र ती चोरी वाटली. कायद्यानेही ती चोरीच, कारण दुसऱ्याचा हक्क असलेल्या पाण्यातून परवानगीवाचून मासा नेणं १९६८च्या चोरीविषयक कायद्यात गुन्हा आहे. वर्तमानपत्रांना विषय मिळाला, आणि त्यात माशांची काळजी कमी, परक्यांचा राग जास्त होता. त्यापेक्षा शहाणपणाचं काम अँगलिंग ट्रस्ट या गळवाल्यांच्या संघटनेने केलं. अनेक भाषांत नियम छापले, फलक लावले, नवख्यांना क्लबात आणलं.

२०१०च्या सुमारास इंग्लंडच्या नद्यांसाठी जो नियम आला तोही पाहण्याजोगा आहे. एका माणसाला दिवसाला एक पाइक नेता येतो, पण ६५ सेंटिमीटरपर्यंतचाच. आपल्याला लहान मासा सोडा, मोठा ठेवा हे ऐकायची सवय. इथे उलटं. मोठा पाइक म्हणजे बहुतेक मादीच, अंडी तिच्याकडे जास्त, आणि धाकट्या पाइकवर वचकही तिचाच. घरच्या जेवणापुरता एक बेताचा मासा नेणारा माणूस त्या पाण्याचं काही बिघडवत नाही. भिंतीवर टांगायला थोरली मादी मारणारा बिघडवतो.

आता सोडणारे तरी निर्दोष का? २००३ साली लिन स्नेडन, व्हिक्टोरिया ब्रेथवेट आणि मायकेल जेंटल यांनी ट्राउट माशाच्या ओठात मधमाशीचं विष आणि सौम्य आम्ल टोचून पाहिलं. इजा ओळखणारे मज्जातंतू माशाच्या तोंडाशी आहेत हे त्यांनी दाखवलं. आम्ल टोचलेले मासे तळाच्या खडीवर ओठ घासत होते. अमेरिकेतल्या जेम्स रोझ यांना हे पटलं नाही. वेदना जाणवायला लागणारा मेंदूचा थर माशाला नाहीच, असं त्यांचं म्हणणं. वाद मिटलेला नाही. जर्मनीने मात्र वाट ठरवून टाकली आहे. सबळ कारणाशिवाय प्राण्याला इजा करायची नाही, आणि नुसती मौज हे सबळ कारण नव्हे. तिथे फोटो काढून मासा सोडणाऱ्यांवर खटले झाले आहेत. स्वित्झर्लंडमध्येही सोडण्याच्याच इराद्याने मासे धरायला २००९पासून मनाई आहे. इंग्रज गळवाला ज्याला सभ्यपणा म्हणतो, त्यावर तिथे दंड होऊ शकतो.

सोडायचंच तर ते नीट सोडायला यावं लागतं. पाइकला ओल्या मऊ चटईवर निजवून, कल्ल्याच्या झाकणाखाली कडेने बोटं सरकवून जबडा उघडायचा आणि लांब चिमट्याने गळ काढायचा. बोट कल्ल्यांना लागलं तर रक्त येतं, आणि मग सोडणं नावापुरतंच उरतं. उन्हाळ्यात कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, दमलेला पाइक सावरत नाही. म्हणून जाणते लोक ऑक्टोबरपर्यंत त्याच्या वाटेला जात नाहीत.

राहिला झँडर, बाहेरून आणलेला. १९६३ साली ग्रेट ऊझ रिलीफ चॅनेल या पाण्यात सरकारी नदी-प्राधिकरणानेच ९७ झँडर सोडले. पुढे काही ते आपले पसरले, काही हौशी लोकांनी चोरून दुसरीकडे नेले आणि मिडलँड्‌सचे, म्हणजे मध्य इंग्लंडचे, कालवे व्यापले. आता कॅनल अँड रिव्हर ट्रस्टचे लोक होडीतून पाण्यात वीज सोडतात. मासे गुंगून वर येतात. रोच, ब्रीम असे इथले मासे परत पाण्यात, झँडर बाहेर. तरी तो संपत नाही. संपावा असं सगळ्या गळवाल्यांना वाटतंही असं नाही, कारण हिवाळ्यातल्या गढूळ पाण्यात रबरी मासोळीला टिचकी मारतो तो बहुधा हाच. हंगेरीत बालाटॉन सरोवराच्या काठी याच माशाला हॉटेलात मानाचं ताट मिळतं. मांस पांढरं, घट्ट, काटे कमी. बर्मिंगहॅमच्या पुलाखाली मात्र तो हातात आला की पुष्कळांची पंचाईत होते. सोडता येत नाही, आणि साफ कसा करायचा हे घरात कधी कुणी शिकवलेलं नसतं.